दुसऱ्या बाजूची मधुमती

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. जुनी म्हटलं म्हणून नाक मुरडू नका. तुमच्या फोनला जे कधी कळणार नाही, ते मी पोटात घेऊन बसले आहे.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या एका स्वयंपाकघरात माझ्यात गाणी भरली गेली. मधुमती व्हायोलिन वाजवायची, गाणी स्वतःच रचायची आणि गायची. पाठीशी कंपनी नाही, कुणाचा वशिला नाही. घरात तेवढीच खोली ऊबदार, म्हणून ती ओट्याला टेकून वाजवायची आणि तिची आई, अरुणाबाई, शेजारी वरण शिजवायची. माझ्या पहिल्या बाजूचं गाणं लोकांनी उतरवून घेतलं, आता ते सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नात लावतात, गाडीत लावतात. दुसरी बाजू उलटायचे कष्ट कोण घेतो? तिथे एक गाणं शेवटची बस चुकल्याचं आहे. एकात तर शब्दच नाहीत. सूर इतका बारीक होतो की आता तुटला असं वाटतं, आणि तुटत नाही.

पुढे मधुमती आजारी पडली आणि गेली. मला वर लॉफ्टमध्ये, छपराखालच्या माळ्यावर टाकलं. तिथल्या अंधारात तिचा श्वास माझ्याजवळ होता, ऐकणारं कुणी नव्हतं.

या हिवाळ्यात तिच्या धाकट्या भावाने, समरने, मला खाली काढलं. दुसरी बाजू कॉम्प्युटरवर उतरवली, साफ केली, आणि मला चॅरिटी शॉपला दान द्यायच्या जुन्या सामानाच्या पिशवीत कोंबलं. मग स्वयंपाकघरात बसलेल्या आईला आपल्या फोनवर ती गाणी लावून ऐकवली.

"ही कोण?" अरुणाबाई म्हणाल्या.

"आई, मधूताईच आहे. फक्त बॅकग्राउंड नॉइज काढलाय."

"म्हणजे काय काढलंस?"

"कुकरची शिट्टी, तिचं मध्येच बोलणं, श्वास घेणं. आता किती प्रोफेशनल वाटतं बघ."

"गेलेल्या पोरीचा श्वास पुन्हा काढून घेतलास. फार शहाणा झालास. कॅसेट कुठंय?"

"पिशवीत. दुकानवाले आत्ता न्यायलाच येतायत."

"मग उठ की."

समरने मला पिशवीतून काढलं आणि मी पुन्हा टेपमध्ये बसले. आधी तारा जुळवल्याचा आवाज आला. मग माझ्यातून मधुमती म्हणाली, "आई, गॅस बंद कर ना, शिट्टी होईल."

अरुणाबाई उठल्या. शेगडीवर काहीच नव्हतं. तरी त्यांनी बटण फिरवून पाहिलं.

"केला गं," त्या म्हणाल्या. "वाजव."

समरने टेपचा आवाज थोडा वाढवला.

मित्रांनो, दर खेपेला माझी फीत थोडी झिजते. तरी मला वाजवा. गाजलेलं गाणं ऐकून उठू नका, मला उलटून लावा. आणि दोन गाण्यांच्या मध्ये सगळं शांत झालं, की बोलू नका. तिथे मधुमती श्वास घेत असते.