अग्निबाणाच्या पोटातली पत्रं

या मित्रांनो, या! असे जवळ सरका, मांडी घाला, मागच्यांना दिसेल असं बसा. गोष्ट सांगतो, आणि साधीसुधी नाही हं, थेट अंतराळातली सांगतो! ऐकताना हसू आलं तर दाबू नका. मात्र गोष्टीत एक हात येणार आहे. तो आला की जरा नीट बघा, एवढंच आधी सांगून ठेवतो.

मी एक जुना अग्निबाण आहे.

हो, अग्निबाण! आकाशगंगेची सतरा टोकं पालथी घालून आलेला. आता खरं सांगायचं तर माझं अंग म्हणजे बिस्किटांचा उभा पत्र्याचा डबा. नाक म्हणजे उपडं घातलेलं नरसाळं. खिडक्या म्हणून कोटाची सहा बटणं, शेपटीत विजेरीचा दिवा, आणि त्यावर नारिंगी कागद, की झाला जाळ तयार! रंग माझा पोपटी. पोपटी अग्निबाण कधी कुणी पाहिला आहे का? पण तेव्हाचा टीव्ही काळा-पांढरा होता. चंदेरी रंग दिव्यांखाली इतका चकाकायचा की कॅमेऱ्याचे डोळे दिपायचे. पोपटी मात्र पडद्यावर कसा मस्त पोलादी दिसायचा! म्हणून मला पोपटी करून सोडलं. घरोघरच्या पोरांना मी पोलादाचा वाटायचो, आणि मीही ते मनावर घेतलं होतं.

मला घडवलं स्टुडिओतल्या सुतारकाकांनी आणि शिवणताईंनी. सुतारकाकांनी पत्रा कापला, पंख डकवले. शिवणताई होत्या कपडेपटात. अंतराळवीरांचे पोशाख शिवायचे, उसवले की टाके घालायचे, हे त्यांचं काम. मालिकेचं नाव 'गस्त आकाशगंगेची'. पहिल्याच दिवशी प्रश्न आला, की मला उडवायचं कसं? तारेनं टांगलं तर तार जाडजूड दिसे. सुतळीचं तर नावच काढू नका. शेवटी शिवणताईंनी आपल्या डब्यातून काळ्या रेशमी दोऱ्याचं रीळ काढलं.

"हा दिसायचा नाही," त्या म्हणाल्या.

"आणि तुटला म्हणजे?" सुतारकाकांनी विचारलं.

"माझ्या हाताने धरलेला दोरा तुटत नाही हो."

झालं! त्या दिवसापासून मला उडवायचं काम त्यांच्याकडेच आलं. वर आडव्या फळीवर त्या पालथ्या झोपत, हातात रीळ धरत, आणि श्वास रोखून मला पुढे नेत. मी खाली काळ्या पडद्यासमोर तरंगत असे. काय सांगू मित्रांनो त्या दिवसांची मजा! सुतारकाका फुंकणीने माझ्या शेपटीमागे पावडर फुंकत, तो माझा धूर. पठ्ठे अंतराळवीर माशांची काचेची भांडी डोक्यात घालून फिरत, आणि आत वाफ धरली की एकमेकांवर आपटत. आणि हे सगळं थेट प्रक्षेपण! चुकलं की चुकलं, पुन्हा करणं नाही. आठवण म्हणून टीव्हीच्या पडद्यावरून फिल्म तेवढी उतरवून ठेवत. इकडे आम्ही उडायचो आणि त्याच क्षणी तिकडे हजारो घरांत पोरं आ वासून बसलेली असायची.

वर बघितलं की मला शिवणताईंचे दोन डोळे दिसायचे. दोरा मला कधीच दिसला नाही. वर कुणीतरी धरून आहे एवढं ठाऊक असलं की उडायला भीती वाटत नाही, हे मी तेव्हाच शिकलो.

आणि मग आला पंधरावा भाग.

त्या भागात आमचं यान विझत चाललेल्या सूर्याकडे ओढलं जात होतं. सूर्य म्हणजे पिवळ्या काचेचा मोठा गोल, आत भलामोठा दिवा. तालमीत तो दिवा कुणी लावलाच नव्हता, वीज वाया नको म्हणून! प्रक्षेपण सुरू झालं, सूर्य पेटला, आणि अशी धग आली की माझा रंग फुगायला लागला. बाजूच्या खोलीत कप्तान सहकाऱ्यांचा निरोप घेत होता. शिवणताई मला इंच इंच खाली सोडत होत्या. एवढ्यात करपल्याचा वास आला. दोरा जळला होता!

मी सुटलो. खाली तापलेली काच. मी म्हटलं, आटोपलं.

आणि मित्रांनो, वरून हात आला!

फळीवरून अख्खा दंड खाली झेपावला आणि त्या हाताने मला अलगद, अगदी काचेपासून वीतभर अंतरावर झेललं. मधल्या बोटात पितळी टोपी तशीच होती, सुई टोचू नये म्हणून शिवताना घालतात ती. मिनिटभरापूर्वी कप्तानाची उसवलेली बाही शिवून त्या तडक फळीवर चढल्या होत्या. आता हात मागे घ्यायची सोय नव्हती. घेतला असता तर मी पडलो असतो. म्हणून त्यांनी मला तसंच तळहातावर धरलं आणि हळूहळू सूर्यापासून दूर, पडद्याच्या बाहेर नेलं. कप्तानाला बिचाऱ्याला यातलं काहीच दिसलं नव्हतं. तो पाठ केलेलं वाक्य तेवढ्याच जोशात बोलला, "गड्यांनो, इंजिन आपोआप सुरू झालं!"

प्रक्षेपण संपलं आणि दिग्दर्शकसाहेब धावत आले.

"हात! हात कुणाचा होता तो?"

"माझा, साहेब."

"पंधरा आठवडे मी लोकांना अंतराळ दाखवलं, आणि तुम्ही त्यात शिवणाचा डबा घुसवलात! पार हसं झालं माझं!"

शिवणताई फळीवरून खाली उतरल्या. कात्री, रीळ आणि पितळी टोपी पिशवीत घातली आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्या मनगटाची भाजलेली बाजू साहेबांनी पाहिली नव्हती. मी पाहिली होती.

आता गंमत ऐका. चार दिवसांनी पत्रं यायला लागली. आधी मूठभर, मग टोपलीभर! साहेब ती वाचत, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज खाली खाली येत जाई. एकदा ते सुतारकाकांना म्हणाले, "त्या बाईंना बोलवून घ्यायला हवं." माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. फक्त आज बोलवू, उद्या बोलवू, असं करता करता मालिकाच संपली आणि पत्रं केराच्या टोपलीत गेली. त्याच सुमारास माझ्या पोटात काहीतरी सुटून खडखडायला लागलं होतं. सुतारकाकांना वाचायला येत नव्हतं. त्यांनी टोपलीतला हाताला लागेल तो कागद माझ्या पोटात ठासून भरला, बूड बंद केलं, आणि खडखड थांबली. पुढे स्टुडिओ रिकामा झाला तेव्हा भंगारात जाण्याआधी त्यांनीच मला उचललं आणि शिवणताईंच्या दारात नेऊन ठेवलं. "तुमच्या हाताने वाचलेला, तुमच्याच घरी राहू दे," म्हणाले.

शिवणताईंनी मला ठेवून घेतलं, पण कपाटावर, भिंतीकडे तोंड करून. किती वर्षं गेली! घरात रंगीत टीव्ही आला, चपटा टीव्ही आला, खिशातला टीव्ही आला. शिवणताई आई झाल्या, मग आजी झाल्या. मी मात्र भिंतीवरचा एकच पोपडा बघत बसलो. नाकावर कोळ्याने घर केलं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आणि परवा काय झालं, सांगतो! आजींचा मुलगा जुन्या फिल्मा साफ करायच्या कारखान्यात कामाला आहे. तो दुपारी धापा टाकतच घरी आला. "आई! तुमच्या मालिकेच्या फिल्मचा डबा सापडला! सगळे भाग गेले, एकच उरला आहे. उद्या संध्याकाळी मोठ्या सभागृहात दाखवणार!"

आजींनी शिलाई मशीन थांबवलं. "कितवा रे?"

"पंधरावा."

"अरे देवा," आजी म्हणाल्या. "एवढे जळाले, हरवले, आणि नेमका तोच ठेवलास होय!"

मुलाने संगणक टेबलावर मांडला. अकरा वर्षांची नात मामाच्या खांद्यावर हनुवटी टेकवून बसली, आणि कधी नव्हे ते मलाही खाली उतरवून टेबलावर ठेवलं गेलं. मी स्वतःला पहिल्यांदाच पाहत होतो हो! काय तो रुबाब!

पण नातीचे डोळे आजचे. काही म्हणता काही सुटेना त्यांच्यातून.

"मामा, यांच्या फोनला वायर आहे! अंतराळात! दुसरं टोक कुठे लावलंय?"

"गप गं."

"आणि धूर वर कसा जातो? तिथे वर-खाली नसतंच ना! आणि ही बाई एवढी शास्त्रज्ञ आहे तर सारखा चहाच का करते? आजी, खरं सांग, तू अंतराळवीरांच्या पाठीला चेन लावली होतीस? मग हवा नाही का जाणार?"

"त्यांना बाहेर जायचंच नव्हतं, कपडेपटात परत यायचं होतं," आजी म्हणाल्या, आणि स्वतःच फिसकन हसल्या. किती वर्षांनी!

मग नात एकदम ओरडली, "दोरा! दोरा दिसतोय!"

आजींचं हसू विरलं. पूर्वीच्या धूसर पडद्यावर जो कधीच दिसला नव्हता, तो या लख्ख चित्रात केसासारखा चमकत होता.

"पुसतो," मुलगा म्हणाला. दोन-चार कळा दाबल्या आणि दोरा नाहीसा! मी नुसताच तरंगायला लागलो. मला कसंसंच झालं.

मग सूर्य आला. मी सुटलो, आणि हात आला. टोपीवरचा खळगा न् खळगा दिसत होता. आजींनी मान फिरवली.

"तोही पूस."

"आई, तो हात तुमचा आहे."

"म्हणूनच सांगते ना! तेव्हा एकदा हसं झालं, पुरे नाही का? उद्या भरल्या सभागृहात पुन्हा कशाला? तुझ्या त्या कळांनी अग्निबाण आपोआप वळव. इंजिन सुरू झालं, असं कप्तान म्हणतोच आहे."

मुलाने घड्याळाकडे पाहिलं. "सहापर्यंत फिल्म पोचवायची आहे," तो पुटपुटला, आणि हाताभोवती रेघ ओढू लागला. बोट, मग दुसरं बोट. मित्रांनो, मी आतल्या आत किंचाळत होतो! अरे, मी आपोआप नाही वाचलो! माझ्या पोटात बघा! पण डब्याला कुठलं तोंड?

तोंड दिलं नातीने. उद्या मला आजींच्या मांडीवर बसून सभागृहात जायचं होतं. "याची शेपटी पेटली पाहिजे," असं म्हणत नवा दिवा बसवायला तिने माझं बूड फिरवलं. गंजलेलं होतं, तरी दात-ओठ खाऊन फिरवलंच. आणि भसकन पिवळे पडलेले कागद टेबलभर!

"आजी, पत्रं आहेत! तुझ्या हाताबद्दल आहेत!"

"माझ्या? दे इकडे. नको, तूच वाच. चष्मा सापडायचा नाही आत्ता." चष्मा नाकावरच होता.

नात वाचू लागली. "'आमच्या वॉर्डात टीव्ही एकच आहे. यान पडलं तेव्हा सगळी मुलं ओरडली. तो मोठा हात कुणाचा? परवा माझं ऑपरेशन आहे. त्याआधी तो हात पुन्हा दाखवाल का?'" तिने दुसरं उचललं. "'इंजिन सुरू झालं हे खोटं आहे. आम्ही हात पाहिला आहे.'"

मामाचं बोट कळेवर थांबलं होतं.

"'आम्ही दोघी बहिणींनी पैज लावली आहे. ताई म्हणते हात राक्षसाचा, मी म्हणते देवाचा. पण आई म्हणते, बोटात टोपी होती, म्हणजे ती कुणीतरी शिवणारी बाई आहे. आईचं बरोबर असेल तर त्या बाईंना सांगा, आम्ही भीतीने डोळे मिटले होते, त्यांनी पकडलं तेव्हा उघडले.'"

आजींनी ते पत्र हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं, आणि टाका तपासावा तसं त्यावरून बोट फिरवलं.

"मला वाटत होतं, सगळे हसले," त्या म्हणाल्या.

मग पदराने डोळे टिपून मुलाकडे वळल्या. "काय रे, बोटं पुसलीस?"

"दोनच."

"परत आण. पाचही आण. आणि तो दोराही आण माझा, चांगला रेशमी होता!"

काल संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. मी आजींच्या मांडीवर, शेपटी पेटलेली! लोक हसले, पोट धरून हसले. फोनच्या वायरीला हसले, चहाला हसले, दोऱ्याला तर टाळ्या पडल्या. आजीही हसत होत्या, सगळ्यांत मोठ्याने. मग सूर्य पेटला आणि हळूहळू हसू ओसरलं. पडद्यावर मी सुटलो. त्याच क्षणी अंधारात, माझ्या शेजारून, आजींचा म्हातारा हात आपोआप पुढे झाला, पंजा उघडा. पडद्यावरच्या हाताने मला झेललं, तेव्हा कुठे तो मिटला. अख्ख्या सभागृहाने एकदम श्वास सोडला!

शेवटी नावं आली. कप्तान, दिग्दर्शक, लेखक. सगळ्यांत खाली नातीने मामाकडून एक नवी ओळ घालून घेतली होती: 'हात: माझी आजी.'

मित्रांनो, जुनी चित्रं जरूर बघा. डबा ओळखा, बटणं ओळखा, खुशाल हसा, मला राग नाही. आणि कपाटावर भिंतीकडे तोंड करून कुणी बसलं असेल, तर त्याची धूळ झटका, पोटात काय आहे ते एकदा विचारा. फक्त दोरा दिसला, की नजर तिथेच थांबवू नका. तशीच वर वर न्या, आणि फळीवर श्वास रोखून पालथ्या झोपलेल्या माझ्या शिवणताईंची आठवण ठेवा.