वीराला बसविलेले शिर

बेंबळीच्या अलीकडे एका लहान गावाच्या वेशीबाहेर, ओढ्याकडे तोंड करून एक काळी शिळा उभी होती. तिच्यावर घोडा कोरलेला, घोड्यावर वीर, आणि वीराला शिर नाही. जुन्या लोकांचे सांगणे असे, की हा पुरुष लग्नाला निघाला असता वाटेत गुरे पळविणाऱ्या दरोडेखोरांशी लढला. शिर तुटून ओढ्यात पडले, तरी धड काही घोड्यावरून उतरले नाही. तेव्हापासून गावचा कोणताही नवरदेव शिळेपुढे घोड्यावरून उतरे आणि मारुतीच्या पारापर्यंत लगाम धरून पायी चाले. तेवढ्या वाटेपुरते रिकामे खोगीर वीराचे.

गुंडप्पा गवंड्याचा एकुलता एक मुलगा कुमार मात्र ऐकेना.

"आप्पा, म्या न्हाय उतरणार. सारं गाव मोबाईल घिऊन उभारतंय. म्या नवरदेव हाय का घोड्याचा मोतद्दार?"

गुंडप्पाने दोन दिवस अत्यंत गंभीर विचार केला. ज्या उणिवेपायी तो बिचारा वीर प्रत्येक लग्नात खोगीर मागतो, ती उणीवच भरून काढली तर? त्याने सिमेंट कालविले, बारीक वाळू चाळली आणि मोबाईलवरचा कुमारचा फोटो समोर ठेवून एक सुबक शिर घडविले. कारण तरण्या नवरदेवाचे दुसरे मुख त्याच्या ध्यानात येईना. शिळेच्या मानेत सळई रोवून त्याने ते शिर वर बसविले आणि भक्तिभावाने शेंदूर लावला.

शेजारच्या कमलबाईंनी निरखून पाहिले व कपाळावर हात मारला.

"आरं गुंडप्पा, हे तर तुझंच पोरगं की गा!"

"वीर आता तृप्त झाला, काकू."

"त्याला इचारलंस व्हय?"

लग्न गोरज मुहूर्ताचे होते. दिवस कलला, तशी वाजत-गाजत मिरवणूक शिळेपाशी आली. घोडी आपोआप थांबली. घोडीवाल्या सिदूने लगाम आवळला.

"उतरा, नवरदेव. घोडीनं कान पाडल्यात."

"हाका की हो मामा पुढं!" कुमार हसला. सिदूने नाइलाजाने घोडी हाकली.

गुंडप्पा कौतुकाने मुलाकडे पाहात होता. सहज त्याची दृष्टी रस्त्यावरच्या लांब सावलीवर गेली, आणि तो चालता चालता थांबला. सावलीत घोडी होती, खोगीर होते, कुमारचे रुंद खांदे होते. खांद्यांच्या वर काहीच नव्हते.

त्याने मान वर केली. फेटा, मुंडावळ्या, हसरा चेहरा, सारे जेथल्या तेथे! पुन्हा खाली पाहिले. कुमारने फेटा सावरायला हात उचलला. सावलीचा हात रिकाम्या जागेत चाचपडत राहिला. आणि मागे, शिळेच्या सावलीवर, फेट्याचा तुरा हलत होता.

"आप्पा!"

ओठ घोडीवरच्या कुमारचे हलले. आवाज मात्र पाठीमागून, शिळेतून आला.

"आप्पा, घोडी कुठं चाललीय? मला नुसता वढाच दिसतोय!"

बँड थांबला. कोणी ओरडले, कोणी पळाले. सिदू मात्र लगाम न सोडता गरजला, "फोडा ते मुंडकं! बगता काय आप्पा?"

गुंडप्पाने धावत जाऊन दोन्ही हातांनी धोंडा उचलला. सिमेंटचे डोळे त्याच्याकडे वळले.

"आप्पा, मारू नगा."

धोंडा त्याच्या हातून गळून पडला. पोटच्या पोराच्या कपाळावर घाव कसा घालावा? पण सळईवर शिर नुसते बसविले आहे, सांधा भरलेला नाही, हे त्या कारागिराला ठाऊक होते. त्याने शिराला दोन्ही तळव्यांत धरले आणि हलकेच फिरवीत वर उचलले. ते उन्हाने तापल्यासारखे नव्हे, तापाने फणफणलेल्या मुलासारखे ऊन लागत होते.

तिकडे कुमार कोणी ढकलून द्यावे तसा घोडीवरून खाली कोसळला. रिकामे खोगीर करकरून दबले, रिकिबी ताणल्या, आणि घोडी कोणी न हाकता मारुतीकडे संथ चालू लागली. सिदूने लगाम सोडून हात जोडले.

कुमार उठून बसला. त्याची सावली पूर्ण होती. "काय झालं हो?" त्याने विचारले, आणि आवाज त्याच्याच गळ्यातून आला.

गुंडप्पाला हायसे वाटले. ते शिर ओढ्यात सोडावे म्हणून तो काठावर वाकला. थंड पाण्याचा स्पर्श सिमेंटला होताच इकडे कुमारचा श्वास कोंडला, डोळे पांढरे झाले. गुंडप्पाने शिर झटकन छातीशी ओढले. कुमारने घशातून मोठा श्वास घेतला. सिमेंटच्या ओठांतूनही तसाच ऊन श्वास गुंडप्पाच्या मनगटावर आला.

मुहूर्त टळू दिला नाही. मंडपात मंगलाष्टके सुरू झाली, तेव्हा गुंडप्पाची बायको महादेवी अक्षतांचे ताट घेऊन जवळ आली. उपरण्याखाली नवरा काय धरून उभा आहे, हे तिने विचारले नाही.

"टाका की अक्षता. लेकाचं लगीन हाय."

गुंडप्पाने नकाराची मान हलविली. दोन्ही हात त्या शिरात गुंतले होते, आणि त्यातला एकही सोडायचा त्याला धीर होईना.