धुक्यात कोकराला हाक

गाडीतून मोहोळ गाव मागं पडलं तसं गोजाबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, सृष्टीला जवळ ओढलं आणि दोघींचा खेळ सुरू झाला. आम्ही सगळे त्यांना अव्वाच म्हणतो. अव्वांनी जीभ टाळूला लावून "हुर्र्र बाऽऽ" अशी मेंढरांना घालायची हाक घालायची आणि पाच वर्षांच्या सृष्टीनं सीटमध्ये तोंड खुपसून "बेंऽऽ" करायचं. अक्कलकोटकडच्या माळावर अव्वांची निम्मी जिंदगी मेंढरांमागं गेली. आता सोलापुरात दोन खोल्यांत मेंढरं कुठली, म्हणून नातच कोकरू झालेली.

"डोंगर बघायला निघालोय आणि तोंड का गं असं?" माझे यजमान सिद्धराम गाडी चालवता चालवता म्हणाले.

"रात्रभर गुरु जागा होता. म्हणजे मी जागी होते. तुम्ही घोरत होता." मी मांडीवरच्या तान्ह्या गुरुला थोपटत म्हणाले.

"मी घोरत न्हाय."

"गाडीपेक्षा जास्त आवाज करतोस की," अव्वा म्हणाल्या. मला हसू आलं, पण डोकं ठणकतच होतं.

साताऱ्यापुढं घाट लागला. आम्ही सरळ रस्त्यांची माणसं. चौथ्याच वळणाला सृष्टी ओकली. नव्या फ्रॉकवर, माझ्या ओढणीवर, गुरुच्या दुपट्यावर. मी पुसतेय, गुरु रडतोय, तेवढ्यात पुन्हा शेजारून "बेंऽऽ".

"बास!" मी ओरडले. "घरी जाईपर्यंत तोंडातून आवाज काढायचा नाही. एक शब्द नाही. कळलं?"

तिनं मान हलवली. अव्वा खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पठारावर गाडी लावली. तिथून पायवाटेनं अर्धा तास चाललं की कडा. ऊन छान पडलं होतं, गवतात पिवळी फुलं होती. सृष्टी पुढं पळाली. आमच्यापैकी कुणी तिला अडवलं नाही. आमच्या माळावर पोर कितीही पुढं गेलं तरी दिसतं. ठिपक्याएवढं होतं, पण दिसत राहतं.

"जाऊ दे की," अव्वा म्हणाल्या. "नदरंम्होरं हाय."

मी गुरुचं टोपडं बांधायला खाली बसले. गाठ मारून मान वर केली, तर दरीतून धुकं चढून आलेलं. आधी लांबची फुलं गेली, मग वाट गेली, मग तिचा लाल फ्रॉक.

"सृष्टीऽऽ!"

काहीच नाही. मी पुन्हा ओरडले. पुन्हा. गुरु दचकून रडायला लागला.

"अहो, कडा कुठं आहे?"

"पुढंच." सिद्धरामचा चेहरा पांढरा पडला होता. ते पळत सुटणार, तोच अव्वांनी त्यांचा शर्ट धरला.

"पळू नगंस. कोकरू बिचकलं की पळणाऱ्याच्या म्होरं पळतंय. आन् तू वरडू नगंस, ऋतुजा."

"माझी पोर आहे अव्वा ती!"

"व्हय की. पर तुजा आवाज फाटलाय."

अव्वा ओल्या गवतात खाली बसल्या. पदर सारखा केला, जणू घरीच आहेत. "हुर्र्र बाऽऽ."

मी गुरुचं तोंड छातीशी दाबून धरलं. त्याचं रडणं थांबावं म्हणून, आणि माझंही.

"हुर्र्र बाऽऽ."

तिसऱ्या हाकेला डावीकडून, आम्ही बघत होतो त्याच्या भलत्याच बाजूनं, बारीकसा आवाज आला. "बेंऽऽ."

अव्वा हाक घालायच्या, ती उत्तर द्यायची आणि आम्ही पाऊल पाऊल चाचपत त्या आवाजाकडं जायचो. एका मोठ्या दगडाला पाठ लावून ती बसली होती. तिच्या चपलांपुढं चार हात गवत होतं. त्यापुढं नुसतं पांढरं. सिद्धरामनी खाली बघितलं आणि तिला उचलून घेतलं.

"आईच्या हाका ऐकू आल्या न्हाईत का गं?" अव्वांनी विचारलं.

तिनं आल्या म्हणून मान हलवली. मग माझ्याकडं बघत त्यांच्या कानाशी पुटपुटली. मला ते ऐकू आलं.

"आई रागावली होती. बोलायचं नाही म्हणाली होती."

"मग माज्या हाकेला कशी ओ दिलीस?"

"तू कोकराला बोलवत होतीस. मला नाही."

अव्वांनी माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

कडा न बघताच आम्ही फिरलो. गाडीत मी तिला मांडीवर घेतलं, गुरु अव्वांकडं दिला. "आता बोल हं, बाळा. काय हवं ते बोल. ओरड." ती माझ्या बांगडीशी खेळत राहिली. आईची भीती आणि आईचा राग पोराला एकाच आवाजात ऐकू येतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एवढ्यानं ती विसरेल असंही मला वाटेना.

घाट उतरताना तेच चौथं वळण आलं. सृष्टीनं एकदम दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि डोळे मोठे करून माझ्याकडं बघितलं. घाबरून, परवानगी मागितल्यासारखं.

"गाडी थांबवा," मी म्हणाले. पण तेवढा वेळ नव्हता. मी तिचे हात हळूच बाजूला केले आणि माझी ओंजळ तिच्या तोंडाखाली धरली.