जोडाखालची पालवी

म्हस्कूने शेतातल्या झाडाचं पिवळं फळ तोंडात टाकलं, दोनदा चावलं आणि बी तळहातावर काढून बघितली.

"खिरणी हाय ही," तो म्हणाला. "चिकू न्हवं."

म्हाळसाला ते ठाऊकच होतं. तरी नवऱ्याच्या तोंडून ऐकताना तिने मान खाली घातली.

बारा वर्षांपूर्वी शंभूने बापाला न विचारता दोन मेंढ्या विकल्या आणि तळेगावच्या नर्सरीतून चिकूची कलमं आणली. त्यातलं हे एकच जगलं. मेंढ्या म्हणजे म्हस्कूचा जीव की प्राण. "ह्याला चिकू लागल्याबिगर मला तोंड दावू नगंस," तो कडाडला. पोरगाही बापासारखाच हेकट. इनामगावातून उठला तो दौंडला जाऊन रेल्वेत लागला. दौंड काही परमुलखात नाही, पण शंभू पुन्हा घरी आला नाही.

जाताना त्याने आईला बजावलं होतं, चिकूचं कलम खिरणीच्या रोपावर बांधलेलं असतं, जोडाखाली खिरणीची पालवी फुटली की खुडत जा. म्हाळसाला ते जमलं नाही. लेकाच्या हातच्या झाडाचं हिरवं पान तोडायला तिचा हात धजेना. खालची खिरणी फोफावली, वरचा चिकू वाळून गेला. आता याला चिकू कधीच लागणार नव्हते. आपणच लेकाची वाट बंद केली, हे तिला रोज टोचायचं.

म्हस्कूने आणखी एक फळ खाल्लं. चिकाने चिकटलेले ओठ पंच्याने पुसले आणि तिच्याकडे न बघता म्हणाला,

"शंभूला फोन लाव. चिकू लागले म्हणावं."

म्हाळसा तशीच गावच्या दुकानातल्या फोनकडे धावली.

"शंभू, चिकू लागले रं आपल्या झाडाला!"



"आई, ती खिरणी हाय. दिवाळीत बांधावरनं पानं बघून गेलो म्या."

बांधापर्यंत येऊन लेक पाणीही न पिता माघारी गेला होता. म्हाळसाचे डोळे भरून आले. तिने पदर तोंडाला लावला.

"तुझ्या आबांनीच सांगितलंय, चिकू लागले म्हणावं म्हणून."

"आबांनी? त्यांनी खाऊन बघितलं न्हाई व्हय?"

"बघितलं की. दोन खाल्ली. ओठ चिकटलं पार."

शंभू हसला.

"रविवारी येतो," तो म्हणाला. "माझ्यापुरते दोन चिकू ठिव."