बुधवारची तोंडी परीक्षा

"वचन म्हणजे काय?" मी विचारलं.

"आधी ती सुई खाली ठेव. परीक्षक काय शिवत बसणार आहेत?"

मी सुई कापडात टोचून ठेवली, कागद हातात घेतला आणि पुन्हा विचारलं. हे समोर पलंगावर ताठ बसलेले, दोन्ही हात मांडीवर, पहिल्या बाकावरच्या शहाण्या मुलासारखे. प्रबंधावर काय काय विचारतील ते ह्यांनी स्वतःच लिहून मला दिलं होतं आणि महिनाभर रोज संध्याकाळी मी ते विचारत होते. उत्तरं मला पाठ झाली होती. त्यातलं कळलं किती, ते विचारू नका.

आमच्या ह्यांची सगळी नोकरी शीतगृहात गेली. बटाटे, सफरचंदं, लोण्याचे डबे ठेवायच्या त्या थंडगार खोल्यांची यंत्रं हे सांभाळत. यंत्र नीट चाललं की मेकॅनिकला काम नसतं, आणि ह्यांचं यंत्र नीटच चालायचं. मग स्वेटरवर स्वेटर चढवून तिथे पुस्तकं वाचत बसायचे. पन्नाशी उलटल्यावर एक दिवस घरी येऊन म्हणाले, मी तत्त्वज्ञानात एम. ए. करणार. मी म्हटलं, खुशाल करा, पण आपला फ्रिज दोन आठवडे बंद आहे, तेवढा आधी बघा. विद्यापीठातल्या विभागातली मुलं ह्यांना 'बर्फकाका' म्हणायची. ह्यांना ते फार आवडायचं.

आवाज बसला तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. थंडीत काम करणाऱ्याचा घसा बसणारच. कंपनीच्या डॉक्टरांनी गुळण्या सांगितल्या, आणि गुळण्या करण्यात वर्ष गेलं. मोठ्या दवाखान्यात दाखवलं तेव्हा घशाचा कॅन्सर निघाला, आणि उशीर झाला होता. स्वरयंत्र काढावं लागेल, गळ्याला भोक राहील, श्वास त्यातून. पुढे एखादं उपकरण लावून थोडाफार आवाज काढता येईल, पण तो ह्यांचा नसेल, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. ऑपरेशनला गुरुवार ठरला.

लेखी पेपर झाले होते, प्रबंधही दिलेला होता. राहिली होती ती फक्त तोंडी परीक्षा, आणि तिच्याशिवाय पदवी नाही. दोन परीक्षक, त्यातला एक बाहेरगावचा, आणि त्यांच्यापुढे उमेदवाराने स्वतःच्या तोंडाने प्रबंधाची बाजू मांडायची, असा नियम. बरं, पुढे ढकलावी तर नोंदणीची मुदत ह्याच सत्रात संपत होती. रात्रपाळ्यांपायी ती आधीच वाढवून घेतलेली. हे अर्ज घेऊन परीक्षा विभागात गेले, की मी समोर बसून लिहून उत्तरं देतो. तिथल्या अधिकाऱ्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, काका, लिहून दिलीत तर ती तोंडी कशी राहील? त्याचं चुकलं असं म्हणता येत नव्हतं, याचाच मला जास्त राग आला.

शेवटी विभागप्रमुख बाईंनी धावाधाव करून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, परीक्षा लावून घेतली. बाई भल्या होत्या.

मी ह्यांना म्हटलं, दुपार तुमची, संध्याकाळ माझी. "पुस्तक नाही, प्रश्न नाही. सात वाजता लेकीचा फोन येईल, तिच्याशी बोला. मग माझ्याशी बोला. काहीही बोला. भांडा हवं तर."

"दिला शब्द," हे म्हणाले.

वचनावर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाने शब्द दिला म्हटल्यावर मी निर्धास्त झाले.

बुधवारी हे सकाळपासून गप्प. फार बोललं की ह्यांचा आवाज फाटायचा आणि मग नुसती हवा यायची, म्हणून परीक्षेसाठी जपून ठेवत होते. मीठ हवं होतं तर बोटाने दाखवलं. मी मुद्दाम दोन टोमणे मारले, एरवी चांगलं खणखणीत उत्तर आलं असतं. हे नुसते हसले. असू दे, म्हटलं, संध्याकाळ आहे की.

विभागाच्या व्हरांड्यात एक लांब बाक होतं, त्यावर जाऊन बसलो. मी सोबत शिवण नेलं होतं. माझं काम उशांच्या अभ्र्यांचं, पण त्या दिवशी अभ्रे नव्हते. दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितलं होतं की गळ्याच्या भोकावर बांधायला मऊ, पातळ कापडाची, नाडीची फडकी करून ठेवा. त्यांना दुमड घालत होते. हे एकदा बघून घेत आणि नजर समोरच्या भिंतीवर नेत. काय शिवतेस, असं त्यांनी विचारलं नाही.

बाहेरच्या परीक्षकांची गाडी वाटेत बंद पडली. बाईंनी येऊन सांगितलं, तासाभरात येतील. मग पुन्हा येऊन तेच सांगितलं. व्हरांड्यातली मुलं घरी गेली, झाडूवाली येऊन आमच्या पायांखालून झाडून गेली. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा मी सुई थांबवली आणि म्हटलं, चला आता घरी. बाई पण म्हणाल्या, काका, तुमची इच्छा, मी काही म्हणणार नाही, फक्त दुसरा दिवस मात्र माझ्या हातात नाही.

ह्यांनी दिवसातलं पहिलं वाक्य खर्च केलं. "थोडं थांबू."

"मला शब्द दिलाय तुम्ही."

हे उठले नाहीत.

दिवे लागल्यावर परीक्षक आले, घामाघूम, पुन्हा पुन्हा माफी मागत. सज्जन माणूस. आमची संध्याकाळ त्यांनी नेली असं म्हणावं तर तेही जमेना. ते, दुसऱ्या परीक्षक म्हणून बाई, आणि हे, अशी तिघं आत गेली आणि दार लागलं.

दार कसलं, प्लायवूडची फळी ती. सगळं ऐकू येत होतं. ह्यांचा आवाज चिरका, थकलेला, पण चालत होता. आमचेच प्रश्न येत होते, आणि बाकावर बसल्या बसल्या माझे ओठ ह्यांच्या उत्तरांबरोबर हलत होते. तेवढ्यात पिशवीत फोन वाजायला लागला. सात वाजले होते. आवाज आत जाईल म्हणून मी तो फडक्यांखाली दाबून धरला. बराच वेळ माझ्या हाताखाली थरथरत राहिला.

मग बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, की दोन माणसांना शब्द दिलाय आणि दोन्ही पाळणं शक्य नाही, तर कोणता मोडावा?

हा प्रश्न आमच्या कागदावर नव्हता. आत काहीच ऐकू येईना. आवाज गेला की काय, म्हणून मी उभी राहिले.

"कोणता मोडावा, ते प्रबंधात लिहिलंय," हे म्हणाले. मध्येच हवा जात होती, पुन्हा शब्द धरत होते. "माणूस कोणता मोडतो, ते सांगतो, सर. ज्याला दिलेला मोडला तरी जो आपल्याला सोडून जाणार नाही, त्याला दिलेला मोडतो. हे बरोबर आहे, असं माझं म्हणणं नाही. मी तो आत्ता मोडतोय, एवढंच."

पुढे काही बोलायला गेले ते उमटलंच नाही. आत खुर्च्या सरकल्या.

हे बाहेर आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि तोंड उघडलं. नुसती हवा आली. मी शिवण गुंडाळलं.

घरी पोचल्यावर लेकीला फोन लावला. हे फोन कानाला धरून मान डोलवत होते, तिला दिसत असल्यासारखे. "बाबा, एक शब्द बोला ना," ती म्हणत होती, मला लांबून ऐकू येत होतं. शेवटी मीच फोन घेतला. मला राग आला होता, अगदी मनापासून आला होता. पण सकाळी ज्याच्या गळ्यावर सुरी चालणार त्याच्यावर काय रागावायचं? ती संध्याकाळ मी उरलेल्या फडक्यांना नाड्या लावण्यात घालवली.

तीन महिन्यांनी विभागप्रमुख बाई स्वतः गुणपत्रिका घेऊन घरी आल्या. हे पास झाले होते. सगळ्यात जास्त गुण तोंडीला होते. बाई कौतुकाने म्हणाल्या, त्या शेवटच्या उत्तराची आठवण सर अजून काढतात. काका असं बोलले, की आम्ही सुन्न झालो. मी त्यांना चहा दिला. बाईंना दारापर्यंत सोडून आत आले.

ह्यांनी गुणपत्रिका बाजूला ठेवून पाटी घेतली होती. आता ह्यांचं बोलणं पाटीवरच. मी गळ्याचं फडकं बदललं, नाडी मागे बांधली, आणि पुढे येऊन बघितलं तर पाटीवर 'बुधवारी' एवढंच लिहिलं होतं. पेन्सिल तिथेच टेकलेली, पुढे सरकत नव्हती.

"त्या खोलीचं दार फार पातळ होतं, अहो," मी म्हटलं. "मी सगळं ऐकलंय."

ह्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, खांदे गदगदले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. रडायलाही आवाज लागतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी शेजारी बसले, हात हातात घेतला. खोलीत कसलाच आवाज नव्हता. गळ्यावरचं फडकं तेवढं भराभर आत-बाहेर होत होतं.