आत्या गेली ते साल

मनोरुग्णालयाची जुनी इमारत पाडायचं ठरलं, तेव्हा कुठे लोकांना आतल्या माणसांची आठवण झाली. एवढी वर्षं कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं! तिथे वारलेल्यांची नावं दगडावर कोरायची, असं आता ठरलं. कागदपत्रं वाळवीने कधीच फस्त केली होती, तेव्हा मृत्यूचं साल नातेवाइकांनीच सांगायचं.

ग्रंथपालबाईंना त्या दगडावर आपल्या आत्याचं नाव हवंच होतं. घरात आत्याचा फोटो नाही, विषय निघाला की सगळ्यांची दातखीळ बसायची. निदान दगडावर तरी ती असावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

"तू रांगत होतीस तेव्हाच गेली," वडील म्हणाले. "मी भेटायला गेलो होतो ना. खाटेवरची गादी गुंडाळलेली. काय समजायचं ते समजलो आणि आल्या पावली परतलो."

खात्री करावी म्हणून बाई त्या वॉर्डातल्या निवृत्त नर्सकडे गेल्या. सगळं ऐकून सिस्टरनी कपाळावर हात मारला.

"अहो, गादी गुंडाळलेली म्हणजे बाई कामावर! धुलाईघरात जाणारीने सकाळी गादी गुंडाळून जायचं, नाहीतर दुसरीच कुणीतरी येऊन लोळायची. तुमची आत्या म्हणजे धुलाईघराची मुकादम. चादरीवर डाग राहिला की सगळ्यांना फैलावर घ्यायची. ठणठणीत बरी होती हो. पण न्यायला घरचं माणूस लागायचं, ते आलंच नाही. तुम्ही कॉलेजात जात असाल, तोवर होती बघा."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. घरी आल्या त्या तडक वडिलांच्या खोलीत. ऐकलेलं सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही.

"वॉर्डाच्या अंगणापलीकडेच, धुलाईघरात होती ती, बाबा. दारात नर्स बसलेली असायची. तोंड उघडून एक शब्द विचारायला काय झालं होतं?"

वडिलांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बाई हटल्या नाहीत.

"विचारलं असतं, आणि बरी आहे म्हणाले असते, तर घरी आणावी लागली असती," ते म्हणाले. "आता खोटं कशाला बोलू? परत येताना मला हायसं वाटत होतं."