डोहातला सुरुंग

सोयरीक मी जमवली होती, आणि तीच माझ्या डोळ्यांदेखत बुडायला निघाली होती. वडनेर भोलजीचा तुळशीराम आरमारात. सरकारची लढाई जोरात चाललेली. संग्रामपूरकडच्या किसनरावांनी लढवय्या जावई मिळतो म्हणून आपली लेक सोजरा द्यायला होकार दिला. आणि सुट्टीवर आलेला हा शहाणा ऐन सुपारी फोडायच्या बैठकीत खरं सांगून मोकळा झाला. तोफ चालवणं त्याचं काम नव्हतं. शत्रूनं समुद्रात पेरलेले सुरुंग लहानशा बोटीनं, दोर ओढत काढायचे, एवढंच.

"दोर ओढाले माही पोरगी कायले देऊ?" किसनराव कडाडले. "बैलंही ओढतेत!"

बैठक हसली. मला तुळशीरामच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"मामा, मंग बैलंच द्या," तो म्हणाला. "दोन जोड्या."

सगळे नदीवर गेलो. "हा सुरुंग समजा," म्हणत वाळला भोपळा दोरीनं धोंड्याला बांधून त्यानं डोहात बुडवला. वर काहीच दिसेना. दोन्ही काठांवर एकेक जोडी उभी केली, मधे पाण्यातून लांब दोर, दोराच्या मधोमध विळा.

"दोन बोटी अशाच चालतेत. मागून धान्याची जहाजं. मांगच्या महिन्यात आमच्या जोडीची बोट उडाली, मामा. सारे गेले. आमी दुसरी जोडी घेतली अन् तिथंच पुन्हा दोर टाकला."

हसणं थांबलं. बैल चालू लागले. दोर ताणला, थरथरला, विळ्यानं भोपळ्याची दोरी कापली आणि तो टुणकन वर आला! गडी ओरडले, मीही ओरडलो.

"आता बंदुकीनं फोडतो आमी."

बंदूक कुठली? त्यानं धोंडे मारले. एकही लागला नाही. भोपळा डुलत राहिला.

"पाह्यलं?" किसनराव म्हणाले. "निशाणाचा पत्ता नाही!"

तेवढ्यात काठावरच्या ज्वारीतून गोफण घुमली आणि भोपळ्याच्या चिंधड्या उडाल्या. मचाणावर पाखरं राखत बसलेली सोजरा सगळं ऐकत होती. पदर खोचून ती बांधावर उभी होती.

"तसाच कसा सोडता, बाबा? मागून जहाजं येऊन राह्यली नं!"

किसनरावांनी लेकीकडे पाहिलं, मग तुळशीरामकडे. म्हातारा रडला, अगदी उघड रडला.

"वामनराव," ते माझ्याकडे वळले, "काढा सुपारी! इथंच फोडू. अन् जावईबापू, जायच्या आधी निशाण तेवढं इच्यापासून शिकून जा!"